टपालातले गणित

वाचकहो, हाताशी कागदाचा एखादा कपटा आणि पेन्सिल असेल तर जरा जवळ घ्या. आजची हकीकत गणिताची आहे. पण बिचकण्याचे कारण नाही. बेरीज-गुणाकार येणाऱ्या कोणालाही ती कळण्याजोगी आहे.

कागदावर २३ हा आकडा लिहा. हा आकडा आपल्याला घनांच्या बेरजेने भरून काढायचा आहे. घन म्हणजे एखादी संख्या तीनदा घेऊन केलेला गुणाकार. एकाचा घन १, दोनाचा ८, तिनाचा २७. ह्यांतला २७ तर तेविसाहून मोठा, म्हणजे तो आपल्या कामाचा नाही. उरले ८ आणि १. दोन आठे सोळा. बाकी राहिले सात, ते एकेकाने भरायचे. म्हणजे आठ दोनदा आणि एक सातदा, मिळून नऊ घन लागले. किती का खटपट करा, नवाच्या खाली हा हिशोब उतरायचा नाही.

आता ७९ घ्या, आणि घनांऐवजी चतुर्घात वापरा, म्हणजे तीच संख्या चार वेळा घेऊन केलेला गुणाकार. १, १६, ८१ असे हे चतुर्घात. ८१ पुन्हा मोठा पडला. चार वेळा सोळा म्हणजे चौसष्ट, आणि वर पंधरा एके. एकूण एकोणीस लागले.

सन १७७० मध्ये इंग्लंडातील केंब्रिजच्या एडवर्ड वेअरिंग नावाच्या प्राध्यापकाने आपल्या लॅटिन ग्रंथात लिहून टाकले की, कोणतीही पूर्ण संख्या घ्या, ती फार तर चार वर्गांची, नऊ घनांची, एकोणीस चतुर्घातांची बेरीज असते, आणि असेच पुढे. पुरावा काही दिला नाही. ‘असेच पुढे’ म्हणजे नेमके कसे, हेही सांगितले नाही. त्या दोन शब्दांनी जगातल्या गणित्यांना दोनशे वर्षांहून अधिक काळ कामाला लावले. आणि त्या कामातला एक फार मोठा हिस्सा तमिळनाडूतल्या चिदंबरम् ह्या देवळाच्या गावी, अण्णामलै विद्यापीठात बसून, एका अबोल प्राध्यापकाने उचलला. त्यांचे नाव सुब्बय्या शिवशंकरनारायण पिल्लै. रामानुजन् हे नाव आपल्याकडे शाळकरी मुलालाही ठाऊक असते. पिल्लै ह्यांचे नाव मात्र गणिताच्या बाहेर फारसे कोणी ऐकलेले नसते. म्हणून आज त्यांच्याविषयी थोडे बोलू.

पिल्लै ह्यांचा जन्म ५ एप्रिल १९०१ चा, तिरुनेलवेली भागातील कुट्रालमजवळच्या वल्लम् ह्या खेड्यातला. मूल वर्षाचे होते न होते तोच आई गेली. शाळेच्या शेवटच्या वर्षात वडीलही वारले. अशा मुलाचे शिक्षण तिथेच थांबायचे. पण शाळेतल्या एका शिक्षकाने मुलाची बुद्धी ओळखली होती. त्याने पदरमोड करून हात दिला, आणि पुढे शिष्यवृत्तीच्या आधारावर हा मुलगा त्रिवेंद्रमच्या महाराजा कॉलेजातून पदवी घेऊन बाहेर पडला. १९२७ मध्ये त्याला मद्रास विद्यापीठात संशोधनाची संधी मिळाली. तिथे त्याला आनंद राव आणि वैद्यनाथस्वामी असे दोन गुरू लाभले. ह्यांतले आनंद राव केंब्रिजला हार्डींच्या हाताखाली शिकून आलेले होते, आणि रामानुजन् केंब्रिजात होते त्याच काळात तेही तिथे होते. म्हणजे रामानुजन् आणि हार्डी ह्यांच्या दोघांच्या कामातून संख्यासिद्धान्ताची जी नवी वाट फुटली, तिची ओळख पिल्लै ह्यांना मद्रासलाच झाली.

इथे एका गोष्टीचा विचार केला पाहिजे. त्या काळी हिंदुस्थानात गणिताचे संशोधन करायचे म्हणजे काय साधने होती? प्रयोगशाळा नको, यंत्र नको, हे खरे. पण ग्रंथ हवेत, परदेशची ताजी नियतकालिके हवीत, आणि आपण केलेले काम ज्याला दाखवावे असा एखादा जाणता माणूस हवा. ही तिसरी गोष्ट सर्वांत दुर्मिळ. एकेका कॉलेजात गणिताचा एखाददुसरा प्राध्यापक. त्याला दिवसभर शिकवणे, पेपर तपासणे. त्याने एखादे नवे प्रमेय सिद्ध केले तरी ते सांगायचे कोणाला?

ही अडचण ओळखून व्ही. रामस्वामी अय्यर नावाच्या एका डेप्युटी कलेक्टरांनी १९०७ मध्ये पत्रे धाडून धाडून देशभरचे गणितप्रेमी एकत्र आणले. तीच पुढे इंडियन मॅथेमॅटिकल सोसायटी झाली. आपल्या वाचकांना अभिमान वाटावा अशी गोष्ट म्हणजे ह्या सोसायटीच्या ग्रंथालयाला पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजात जागा मिळाली. तेव्हा तिथे प्राचार्य होते रँग्लर परांजपे. वर्गणीच्या पैशांतून परदेशी नियतकालिके पुण्यास येत, आणि तिथून टपालाने सभासदांकडे फिरत. सोसायटीचे स्वतःचे नियतकालिकही निघू लागले. रामानुजन् ह्यांचा पहिला निबंध १९११ मध्ये त्यातच छापून आला. तात्पर्य, ह्या देशातले आधुनिक गणित बऱ्याच अंशी टपालाच्या थैलीतून वाढले असे म्हटले तर ती अतिशयोक्ती होणार नाही.

१९२९ साली पिल्लै अण्णामलै विद्यापीठात अधिव्याख्याते झाले. पुढची बारा वर्षे ते तिथेच होते. त्याच सुमारास त्यांचा आणि सर्वदमन चौला ह्यांचा पत्रव्यवहार सुरू झाला.

चौला हे पिल्लै ह्यांच्याहून सहा वर्षांनी लहान. जन्म २२ ऑक्टोबर १९०७ चा, तोही लंडनचा. कारण वडील, प्राध्यापक गोपाळ चौला, त्या वेळी शिक्षणासाठी इंग्लंडात होते. सर्वदमन म्हणजे शाकुंतलातला तो सिंहाच्या छाव्याचे दात मोजणारा भरत. ह्या सर्वदमनाने सिंहाचे दात मोजले की नाही कोण जाणे, पण मोजण्याचा छंद जन्मभर सोडला नाही! लाहोरच्या गव्हर्नमेंट कॉलेजात शिक्षण, मग केंब्रिजला लिटलवुड ह्यांच्या हाताखाली १९३१ मध्ये डॉक्टरेट, नंतर दिल्ली, बनारस, वॉल्टेअर, आणि १९३६ पासून पुन्हा लाहोर, अशी त्यांची भ्रमंती झाली. माणूस हसरा, बोलका, भराभर लिहिणारा. पिल्लै ह्यांचा पिंड वेगळा. ते एकेक प्रश्न धरून बसणारे, वर्षानुवर्षे न सोडणारे.

लाहोर आणि चिदंबरम् ह्यांच्यामध्ये सुमारे १४०० मैलांचे अंतर. एक पंजाबी, एक तमिळ. एकाच्या जेवणात रोटी, दुसऱ्याच्या जेवणात भात. दोघांची मातृभाषा निराळी. पण दोघांत एक भाषा समाईक होती, ती आकड्यांची. चौला केंब्रिजला असोत, बनारसला असोत वा वॉल्टेअरला, पत्रे चालूच राहिली. ह्यांतली काही पत्रे पुढे प्रसिद्धही झाली आहेत.

पत्राने गणित कसे होते, असे तुम्ही विचाराल. समोरासमोर बसून बोलताना आपण पुष्कळ गोष्टी हाताने हवेत दाखवतो, ‘हे तर उघडच आहे’ म्हणून पुढे जातो. पत्रात तसे चालत नाही. पायरी न पायरी शाईने लिहावी लागते. ती लिहिता लिहिताच कैकदा आपली चूक आपल्या ध्यानात येते. राहिली तर समोरचा दाखवतो. मग उत्तराची वाट पाहायची. त्या मधल्या दिवसांत डोके रिकामे बसत नाही. उत्तर येईपर्यंत प्रश्न आणखी एक पाऊल पुढे गेलेला असतो. आजच्या घाईच्या जगात ही रीत संथ वाटेल. पण तिच्यात एक सचोटी होती. कोणते पाऊल कोणी टाकले, हे तारखेसकट कागदावर राहत असे.

दोघांच्या भागीदारीचे पहिले फळ १९३० साली आले. प्रश्न असा. १० ही संख्या घ्या. तिच्यापेक्षा लहान अशा किती संख्यांचा तिच्याशी एकही समाईक विभाजक नाही, एक सोडून? १, ३, ७, ९ अशा चार. १२ घेतली तरी चारच: १, ५, ७, ११. अशी प्रत्येक संख्येची गणती करत जा आणि त्या सगळ्यांची बेरीज घ्या. एक ते दहापर्यंतची बेरीज ३२ भरते. (एकाची गणती एक धरतात.) एकेकट्या संख्येची गणती वेडीवाकडी वरखाली होते, बेरीज मात्र शहाण्यासारखी एका ठरलेल्या वाटेने वाढते. शेवटच्या संख्येचा वर्ग करून त्याला ०.३०४ ने गुणले की बेरीज जवळजवळ मिळते. दहासाठी ३०.४ येतात, खरी बेरीज ३२. हा जो ‘जवळजवळ’ आहे, तो किती जवळ? फरक किती वाढू शकतो? पिल्लै आणि चौला ह्यांनी जोडीने दाखवले की, हा फरक एका विशिष्ट मर्यादेपेक्षा लहान कायमचा राहूच शकत नाही; पुढे पुढे जाताना तो ती मर्यादा पुन्हा पुन्हा गाठतो. त्यांचा निबंध लंडन मॅथेमॅटिकल सोसायटीच्या नियतकालिकात आला, आणि ह्या प्रश्नावर पुढे काम करणाऱ्यांना तिथूनच आरंभ करावा लागला.

टपालाच्या ह्या जाळ्यात केवळ हे दोघेच होते असे नव्हे. पंजाबातच हंसराज गुप्ता नावाचे दुसरे एक गणिती होते. त्यांनी हाताने प्रचंड आकडेमोड करून एक कोष्टक तयार केले. एखादी संख्या किती तऱ्हांनी तुकडे पाडून लिहिता येते, ह्याचे ते कोष्टक. उदाहरणार्थ, चार ही संख्या पाच तऱ्हांनी लिहिता येते: ४, ३ आणि १, २ आणि २, २, १ आणि १, शेवटी चार एके. संख्या वाढली की हे प्रकार भयंकर वाढतात. पूर्वीचे कोष्टक २०० पर्यंत होते. गुप्तांनी ते ३०० पर्यंत नेले.

ह्या प्रकारांच्या भाज्यतेविषयी रामानुजन् ह्यांनी एक सुंदर अटकळ बांधली होती, आणि रामानुजन् ह्यांची अटकळ म्हणजे ब्रह्मवाक्यच, असा सगळ्यांचा समज. चौलांनी १९३४ मध्ये गुप्तांच्या कोष्टकात २४३ ह्या संख्येसमोर बोट ठेवले. तिथला आकडा होता १,३३,९७,८२५ कोटींच्या घरातला, म्हणजे नेमका १३३९७८२५९३४४८८८. अटकळीप्रमाणे ह्याला ३४३ ने, म्हणजे सातच्या घनाने, भाग जायला हवा होता. ४९ ने जातो. ३४३ ने मात्र जात नाही. एका आकड्याने अटकळ खोटी ठरली! आता ह्यात रामानुजन् ह्यांचा काही कमीपणा नाही. वॉटसन ह्यांनी १९३८ मध्ये सातच्या घातांपुरती ती अटकळ सुधारून सिद्ध केली, आणि अकराच्या घातांसाठी ॲटकिन ह्यांनी १९६७ मध्ये. मुद्दा एवढाच की, एकाने मुकाट्याने केलेली कष्टाची आकडेमोड दुसऱ्याच्या नजरेखाली गेली तेव्हाच तिच्यातले रहस्य उलगडले.

आता आपण पुन्हा पिल्लै ह्यांच्या खोलीकडे आणि वेअरिंगच्या ‘असेच पुढे’कडे वळू.

आपल्यातल्या जुन्या मंडळींनी लहानपणी पाढ्यांबरोबर पावकी, निमकी, दिडकी घोकलेल्या असतील. ती दिडकी इथे कामी येते. दीडला दीडने गुणा: सव्वादोन. त्यातला पूर्ण भाग २. पुन्हा दीडने गुणा: ३ पूर्णांक आणि काही अपूर्णांक, पूर्ण भाग ३. पुन्हा गुणा: पाच आणि वर थोडे, पूर्ण भाग ५. आता नियम असा: दोनाचा जो घात, त्यात दीडच्या त्याच घाताचा पूर्ण भाग मिळवा आणि दोन वजा करा. वर्गासाठी ४ अधिक २ उणे २, म्हणजे ४. घनासाठी ८ अधिक ३ उणे २, म्हणजे ९. चतुर्घातासाठी १६ अधिक ५ उणे २, म्हणजे १९. पाहा, वेअरिंगचे तिन्ही आकडे बरोबर आले. निदान इतके तरी लागतातच, हे थोर गणिती ऑयलर ह्यांच्या चिरंजीवांनी अठराव्या शतकातच दाखवले होते. आपण आरंभी केलेला २३ आणि ७९ चा खेळ तोच. पण तेवढे प्रत्येक संख्येला पुरतात का, हा खरा प्रश्न. वर्गांचे लाग्रांज ह्यांनी १७७० मध्येच सिद्ध केले. घनांचे विसाव्या शतकाच्या आरंभी झाले. १९०९ मध्ये हिल्बर्ट ह्यांनी सिद्ध केले की, कोणताही घात घ्या, काही एक ठराविक संख्या पुरतेच. पण ती किती, हे त्यावरून कळत नव्हते.

हार्डी आणि लिटलवुड ह्यांनी १९२० नंतर एक नवी पद्धत आणली, जिचे मूळ हार्डी-रामानुजन् ह्यांच्या कामात होते. ती पद्धत फार मोठ्या संख्यांना लागू पडे. पण ‘फार मोठ्या’ म्हणजे इतक्या मोठ्या की, त्यांच्या अलीकडच्या संख्या हाताने तपासणे कोणाच्या बापाला शक्य नव्हते. रशियात विनोग्रादोव्ह ह्यांनी १९३५ च्या सुमारास त्या पद्धतीला जबर धार लावली. ही संधी जगात दोन माणसांनी एकाच वेळी हेरली. एक शिकागोचे लेनर्ड डिक्सन. नामांकित विद्यापीठाचे नामांकित प्राध्यापक, संख्यासिद्धान्ताच्या इतिहासाचे तीन जाडजूड खंड त्यांनी लिहिलेले. दुसरे चिदंबरमचे पिल्लै.

१९३५ आणि १९३६ ह्या दोन वर्षांत दोघांनीही, एकमेकांपासून स्वतंत्रपणे, सातव्या घातापासून पुढचा दिडकीचा नियम सिद्ध केला. एक लहानशी अट पुरी होत असेल तर. त्या अटीकडे शेवटी येऊ. डिक्सन ह्यांचे निबंध अमेरिकेच्या नियतकालिकांत आले. पिल्लै ह्यांचे आले अण्णामलै विद्यापीठाच्या आणि इंडियन मॅथेमॅटिकल सोसायटीच्या नियतकालिकांत. ती शिकागोच्या किंवा गॉटिंगेनच्या टेबलावर किती लवकर पोचणार आणि कोण उघडून पाहणार, ह्याची कल्पना वाचकांनीच करावी. आज जाणत्या पुस्तकांत ‘डिक्सन व पिल्लै’ अशी नावे जोडीने येतात, हा न्यायच झाला. पण सगळ्याच पुस्तकांत येत नाहीत. आणि ज्या माणसाने आपले काम आपल्याच देशातल्या नियतकालिकाला दिले, त्याला त्या निष्ठेची किंमत अशी मोजावी लागावी, ही गोष्ट मनाला लागते.

ह्याच काळात चौला-पिल्लै भागीदारीही जोरात होती. १९३६ मध्ये दोघांनी मिळून वेअरिंगच्या प्रश्नाच्या दुसऱ्या बाजूवर निबंध लिहिले. किती घात पुरतात हे नव्हे, तर एखादी संख्या अशा बेरजेने किती निरनिराळ्या तऱ्हांनी लिहिता येते, हा त्यांतला विषय. आणि हार्डी-लिटलवुड ह्यांनीच मांडलेल्या एका तर्काची चिकित्सा त्यांत होती.

राहिले होते चौथा, पाचवा आणि सहावा घात. तुम्हांला वाटेल, मोठे घात जिंकल्यावर लहानांचे काय? पण इथे उलटे होते. घात लहान असला की हाताशी थोडेच तुकडे असतात, नवी पद्धत लुळी पडते, आणि ‘फार मोठ्या’ संख्यांची हद्द आवाक्याबाहेर पळते. सहाव्या घातावर पिल्लै एकटेच बसले. १९४० मध्ये त्यांनी सिद्ध केले की, कोणत्याही संख्येला ७३ सहावे घात पुरतात. नियमाने ताडून पाहा: ६४ अधिक ११ उणे २. ज्यांना खरोखरच ७३ लागतात अशी एक संख्या ७०३. दहा वेळा ६४ आणि त्रेसष्ट एके. के. चंद्रशेखरन्, ज्यांनी पुढे मुंबईच्या टाटा संस्थेत गणिताची शाखा नावारूपाला आणली, त्यांनी पिल्लै ह्यांच्या ह्या कामाची गणना रामानुजन् ह्यांच्यानंतरच्या भारतीय गणितातील उत्तमोत्तम कामगिरींत केली आहे.

त्याच वर्षीची त्यांची दुसरी एक गोष्ट मला फार आवडते, कारण ती मुलांनाही सांगता येते. ओळीने येणाऱ्या काही संख्या घ्या. त्यांत निदान एक तरी अशी सापडते का, की जिचे बाकीच्या कोणाशीच, एक सोडून, समाईक विभाजकाचे नाते नाही? पिल्लै ह्यांनी दाखवले की, सोळापर्यंत कितीही ओळीच्या संख्या घ्या, अशी एक तरी एकलकोंडी संख्या सापडतेच. पण सतरा घेतल्या की हमी संपली! २१८४ ते २२०० ह्या सतरा संख्या पाहा. त्यांत २१९७ हा तेराचा घन; वाटते, हा तरी एकटा असेल. पण २१८४ लाही तेराने भाग जातो. २१८९ ला अकराने भाग जातो. तर तिकडे टोकाला २२०० उभीच आहे. प्रत्येकाला कोणी ना कोणी सोबती आहेच.

१९४१ मध्ये पिल्लै त्रावणकोरला गेले, आणि १९४२ मध्ये कलकत्ता विद्यापीठात. तिथे त्यांना बोलावून घेणारे गणिताचे प्रमुख होते एफ. डब्ल्यू. लेवी, हिटलरच्या जर्मनीतून परागंदा होऊन आलेले एक ज्यू प्राध्यापक. कलकत्त्याच्या काळातला पिल्लै ह्यांचा एक प्रश्न अजून सुटलेला नाही. वर्ग, घन आणि पुढचे सगळे घात एका ओळीत लावा: १, ४, ८, ९, १६, २५, २७, ३२, ३६... पिल्लै ह्यांचे म्हणणे असे की, पुढे जाल तशी ह्या ओळीतली अंतरे वाढतच जातील. कोणतेही ठराविक अंतर, शंभर म्हणा, हजार म्हणा, मोजक्याच वेळा आढळेल. ८ आणि ९ ही एका अंतराची जोडी एकमेव आहे, एवढेच सिद्ध व्हायला २००२ साल उजाडले; ते रुमानियात जन्मलेल्या मिहाइलेस्कू ह्यांनी केले. बाकीच्या अंतरांचा प्रश्न अद्याप उभा आहे. जगभर तो पिल्लै ह्यांच्याच नावाने ओळखला जातो.

मग १९४७ आले. लाहोर सरहद्दीच्या पलीकडे गेले. अकरा वर्षे ज्या कॉलेजात चौलांनी गणिताचा विभाग सांभाळला, आर. पी. बंबा ह्यांच्यासारखे शिष्य घडवले, ते सोडून त्यांना दिल्ली गाठावी लागली. १९४८ मध्ये ते अमेरिकेला, प्रिन्स्टनच्या उच्च अध्ययन संस्थेत गेले आणि तिकडचेच झाले. ज्या लाहोरहून चिदंबरमला पत्रे जात, ते लाहोरच आता परदेश झाले होते.

पिल्लै ह्यांनाही प्रिन्स्टनचे बोलावणे आले. १९५० च्या उन्हाळ्याअखेर अमेरिकेत, हार्वर्ड विद्यापीठात, गणित्यांची जागतिक परिषद भरायची होती. महायुद्धामुळे ती चौदा वर्षांत भरली नव्हती. परिषदेत भाग घ्यायचा आणि पुढे वर्षभर प्रिन्स्टनला राहून काम करायचे, असा बेत. जन्मभर ज्यांच्याशी छापील कागदातून किंवा पत्रांतून भेट झाली, त्या माणसांना प्रथमच समोरासमोर पाहायची ही वेळ.

मुंबईहून न्यूयॉर्कला जाणारे ते विमान कैरोला थांबून रोमकडे निघाले. ३१ ऑगस्ट १९५० च्या पहाटे, उड्डाणानंतर थोड्याच वेळात एका इंजिनाला आग लागली आणि विमान कैरोच्या उत्तरेला वाळवंटात कोसळले. विमानातली पंचावन्नच्या पंचावन्न माणसे दगावली. त्यांत पिल्लै होते. वय अवघे एकोणपन्नास. परिषद आदल्याच दिवशी सुरू झाली होती.

चौला पुढे कॅन्सस, कोलोरॅडो, पेनसिल्व्हेनिया इथे शिकवत राहिले. सेल्बर्ग, आर्टिन, एर्दोश अशा मोठमोठ्या गणित्यांबरोबर त्यांनी निबंध लिहिले. १९५९ मध्ये भारत सरकारने त्यांना पद्मभूषण दिले. १० डिसेंबर १९९५ रोजी, अठ्ठ्याऐंशीव्या वर्षी, ते अमेरिकेत वारले. एकाला निम्मे आयुष्य मिळाले, दुसऱ्याला पुरे. हा हिशोब कोणत्याच नियमात बसत नाही.

वेअरिंगचा प्रश्न मात्र थांबला नाही. पाचव्या घाताचा उलगडा १९६४ मध्ये चीनच्या चेन जिंगरुन ह्यांनी केला: ३७. शेवटी उरला चौथा, सर्वांत चिवट. तो १९८६ मध्ये सुटला. सोडवणारे तिघे: दोन फ्रेंच, देझुय्ये आणि ड्रेस, आणि तिसरे आर. बालसुब्रह्मण्यन्, जे मुंबईच्या टाटा संस्थेत रामचंद्र ह्यांच्या हाताखाली तयार झाले. १९ हा वेअरिंगचा आकडा २१६ वर्षांनी पक्का झाला. पुढे पिल्लै ह्यांचे समग्र निबंध संपादून छापण्याचे कामही ह्याच बालसुब्रह्मण्यन् ह्यांनी एका सहकाऱ्याबरोबर केले. आपल्या वाटेवर आधी कोण चालून गेले, ह्याची आठवण ठेवणारा वारस मिळणे हे भाग्यच म्हणायचे.

आता ती राहिलेली अट. तिनाच्या घाताला दोनाच्या त्याच घाताने भागा. भागाकार आणि बाकी ह्यांची बेरीज करा. ती दोनाच्या त्या घाताहून मोठी नसली पाहिजे, एवढेच. सातव्या घातासाठी २१८७ भागिले १२८. भागाकार १७, बाकी ११, बेरीज २८. ती १२८ हून पुष्कळच लहान. अट पुरी झाली. माहलर ह्यांनी १९५७ मध्ये सिद्ध केले की, ह्या अटीला अपवाद असलेच तर मोजकेच असतील. १९९० पर्यंत यंत्राच्या मदतीने ४७ कोटी १६ लाखाव्या घातापर्यंत तपासणी झाली. एकही अपवाद निघाला नाही. पण ‘कधीच निघणार नाही’ असे सिद्ध करणारा अजून कोणी भेटलेला नाही. पिल्लै ह्यांनी जिथे काम ठेवले, तिथला तो एक धागा आजही सुटाच आहे.

तुमच्या हातात पेन्सिल आहेच. आठव्या घाताचा हिशोब करून पाहा. ६५६१ भागिले २५६. उत्तर मी सांगत नाही. घरात एखादे शाळकरी मूल असेल तर त्याला जवळ बोलवा, आणि भागाकार चालू असताना चिदंबरमच्या पिल्लै मास्तरांची ही गोष्ट त्याला सांगा.